सर्जेरावांचा खुबा

रत्नमालाबाई दाभाड्यांच्या डाव्या खुब्याचा सांधा काढून टाकल्याला वर्ष होत आलं, तरी गारखेड्यात त्या सांध्याची चौकशी रत्नमालाबाईंकडे कुणी करत नव्हतं. सगळे त्यांच्या नवऱ्याला विचारत.

"काय सर्जेराव, खुबा कसा आहे?" सकाळी बागेत कुणीतरी हाक मारी. आणि सर्जेराव, ज्यांचे स्वतःचे दोन्ही खुबे अडुसष्टाव्या वर्षीही ठणठणीत होते, जागीच थांबत, सुस्कारा सोडत आणि सांगत, "आज जरा बरा हाय. काल मात्र लई छळलं."

जो सांधा अंगात उरलाच नव्हता तो बरा काय असणार आणि छळणार तरी काय! पण हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं, कारण सर्जेराव सांगत फार मन लावून.

रत्नमालाबाई फुलंब्रीच्या बाजूला आरोग्य केंद्रात नर्स होत्या. एकतीस वर्षं वाड्यावस्त्यांवर पायी फिरून त्यांनी लेकरांना लसी टोचल्या, बाळंतपणं केली. तेव्हा पायाला काही झालं नाही. निवृत्तीनंतर भाचीच्या लग्नात मात्र मंडपातल्या गालिच्याच्या घडीत पाय अडकला आणि त्या पडल्या. खुब्यातला गोळा मोडला. डॉक्टरांनी स्टीलचा गोळा बसवला. चार महिन्यांनी जखमेतून पू यायला लागला. दोनदा उघडून धुतलं, तरी पू थांबेना. शेवटी बसवलेलं सगळं काढून टाकायचं ठरलं.

डॉक्टरांनी हे सांगितलं ते सर्जेरावांना. "आता तिथं सांधा राहणार नाही. मांडीचं हाड नुसतं स्नायूंच्या आधारानं राहील. पाय दोन इंच आखूड होईल. त्या चालतील, पण डुलत, आणि आधार घेऊन."

"डॉक्टर, मी नर्स हाय. मला सांगितलं तरी चालंल," खाटेवरून रत्नमालाबाई म्हणाल्या.

डॉक्टर त्यांच्याकडे बघून गोड हसले आणि सर्जेरावांना म्हणाले, "पेशंटला फार टेन्शन देऊ नका."

वर्षभरानं नवा सांधा बसवता येईल असंही ते म्हणाले होते. पण साखर वाढलेली, अंगावर चार शस्त्रक्रियांचे वण. रत्नमालाबाईंनी ठाम सांगितलं, "आता परत उघडायचं नाय." तेवढा एक निर्णय त्यांचा त्यांनी घेतला. बागेत त्याची बातमी अशी पोचली की, आम्ही नकार दिला.

सर्जेराव माणूस वाईट नव्हता. पाटबंधारे खात्यात पैठणला वरिष्ठ लिपिक म्हणून जन्म गेला. घरात मात्र त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात यायचा. शस्त्रक्रियेनंतर पुण्याहून मुलगी अमृता आली, पंधरा दिवस राहिली, आणि निघताना म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच." तिसऱ्या दिवशी सर्जेरावांनी एक फाईल उघडली. कोणती गोळी किती वाजता, ड्रेसिंग कधी बदललं, पाय किती वेळ वर ठेवला, सगळं सुवाच्य अक्षरात लिहायला लागले. मग चहा शिकले. मग पिठलं. पहिलं पिठलं इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला, पण महिन्याभरात त्यांच्या हाताला चव आली. रत्नमालाबाईंचा हात डाव्या पावलापर्यंत पोचत नसे, म्हणून मोजे तेच घालत. दोन इंच उंच तळ लावून घेतलेला बूटही तेच चढवत, आणि नाडी बांधून विचारत, "आवळतंय का?"

खोटं कशाला बोला, रत्नमालाबाईंना हे आवडलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा पायाशी बसलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

पण पिठल्याचा फोटो ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर गेला आणि तिथून सगळं वळण बदललं. 'धन्य आहे तुमची!' 'आजच्या काळात असा पती!' अशी उत्तरं आली. सर्जेरावांनी ती बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी भाताचा फोटो गेला. हळूहळू बोलण्यात 'तिचा पाय' जाऊन 'आमचा पाय' आला. "आम्ही आता पंधरा मिनिटं बसू शकतो." "आम्हाला कुशीवर झोपता येत नाय." शेजारची सुलेखा भेटायला आली की खुर्चीत बसलेल्या रत्नमालाबाईंना ओलांडून सर्जेरावांना विचारी, "काकूंना साखरेचा चहा चालतो का?"

त्यातच चालणं मागं पडलं. झेबा नावाची मुलगी फिजिओथेरपिस्ट होती, पलीकडच्या गल्लीत राहायची. तिनं तीन महिने येऊन वॉकरवर उभं करणं, घरातल्या घरात चालवणं सुरू केलं होतं. एकदा वॉकर फरशीवर सरकला आणि रत्नमालाबाई तोल जाऊन भिंतीला टेकल्या. पडल्या नाहीत. पण सर्जेरावांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झेबाला हात जोडले. "बेटा, बास आता. व्यायाम मी घेतो करून. मोबाईलवर सगळं असतंय."

मोबाईलवरचा व्यायाम म्हणजे पाय वर, पाय खाली. तोही पलंगावर. उठून दारापर्यंत जाते म्हटलं की सर्जेराव आडवे हात करून उभे राहायचे. "काय पायजे ते सांग ना. मी हाय कशाला?"

"मला दारापर्यंत जायला पायजे."

"दारात काय हाय?"

दारात खरंच काही नव्हतं.

मे महिन्यात एकदा सर्जेराव बागेत गेल्यावर झेबा कामावर जाता जाता सहज डोकावली. पलंगावरच्या रत्नमालाबाईंना बघून म्हणाली, "आंटी, ये क्या? तुम्ही तर पूरे लेटच गये!"

"काका नाय म्हणतात."

"काका कितने बजे निकलते?"

"साडेसहाला. आठाला येतात."

झेबानं घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पावणेसातला ती हजर झाली.

या वयात नवऱ्याची पाठ फिरायची वाट बघत बसायची, दार लोटून ठेवायचं, तो यायच्या आत पलंगावर पडून राहायचं, हे सगळं करताना रत्नमालाबाईंना स्वतःचंच हसू येई. लपवायची काय गरज होती? सुरुवातीला वाटलं, त्यांना उगाच धास्ती कशाला. पुढं पुढं कारण बदललं. आपल्या अंगात चाललेलं असं एक तरी काही होतं, जे बागेत कुणाला ठाऊक नव्हतं.

वॉकर सुटला, कोपरापर्यंतच्या दोन कुबड्या आल्या. डाव्या पायावर भार पडला की मांडीचं हाड आत वर सरकायचं, कमरेखालचा एक मजला खचल्यासारखं वाटायचं. मग उजव्या बाजूनं स्वतःला उचलून घ्यायचं. एक पाऊल म्हणजे एकदा खचणं आणि एकदा सावरणं. पन्नास पावलांत घामानं ब्लाऊज भिजायचा. पण पूर्वीची ती पू झालेल्या दिवसांतली ठणक राहिली नव्हती.

पावसाळ्यात झेबानं गच्चीचा जिना चढायला काढला. "आंटी, याद रखनेका. चांगला पाय वर जाताना पहले, खराब पाय खाली येताना पहले. अच्छे लोग ऊपर जाते, बुरे नीचे. जन्नत, जहन्नम."

"आमच्यात स्वर्ग-नरक नसतं गं."

"फिर कैसे याद रखेंगे?"

"राहतंय ध्यानात. वर चढायचं तर चांगल्याच्या भरवशावर. उतरायचं तर वाइटाला पुढं घालून. एकतीस वर्षं सरकारी नोकरीत तेच बघितलं."

सोळा पायऱ्या चढायला पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली. गच्चीवर पोचल्यावर रत्नमालाबाईंनी कठड्याला धरून खाली पाहिलं. पाण्याच्या टाक्या, तारांवरचे कपडे, गल्लीच्या तोंडाशी खणून ठेवलेला रस्ता, आणि त्याच्या पलीकडे बाग. बागेत सात-आठ म्हातारे कोंडाळं करून उभे होते. मध्ये सर्जेराव. त्यांनी एक पाय किंचित उचलला होता आणि दोन्ही हातांनी हवेतला दुसरा एक पाय कसा अलगद धरायचा, कसा उशीवर ठेवायचा, ते दाखवत होते. म्हातारे माना डोलवत होते.

"काका क्या कर रहे?" झेबानं विचारलं.

"मला झोपवायला लागलेत," रत्नमालाबाई म्हणाल्या.

सप्टेंबरच्या शेवटी संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब घरी आले. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे साधं बोलणंही प्रार्थनेनंतरच्या सूचनांसारखं. ज्येष्ठ नागरिक दिनाला, एक ऑक्टोबरला, संघातर्फे सर्जेरावांना 'आदर्श सहचर' हा पुरस्कार द्यायचा ठरला होता. शाल, मानपत्र आणि नंतर जेवण.

"वहिनींनाही व्यासपीठावर बसवायचंय," आप्पासाहेब सर्जेरावांना म्हणाले. "दोन तास बसू शकतील का त्या?"

"तासाभरानं उभं करावं लागतंय," सर्जेराव म्हणाले.

"आप्पासाहेब, मलाच विचारा की. मी हितंच हाय," रत्नमालाबाई म्हणाल्या.

आप्पासाहेब मनापासून हसले. "वहिनींची विनोदबुद्धी मात्र शाबूत ठेवलीत हं तुम्ही, सर्जेराव!"

कार्यक्रम मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये होता. ज्येष्ठ नागरिकांचा कार्यक्रम, लिफ्ट नाही, एकवीस पायऱ्या. गुडघे धरून, कठडा धरून, एकमेकांना धरून मंडळी वर पोचत होती आणि पोचल्यावर खाली बघून म्हणत होती, जागा मात्र प्रशस्त आहे. रत्नमालाबाईंसाठी खास व्यवस्था होती. जेवणाच्या कंत्राटदाराची चार माणसं हात असलेली एक खुर्ची घेऊन खाली उभी होती. आप्पासाहेबांनी फोटोवाल्यालाही तिथंच उभं केलं होतं.

रत्नमालाबाई रिक्षातून उतरल्या. खुर्ची पाहिली. चार माणसं पाहिली. त्यांतल्या एकाच्या हाताला अजून कणिक होती. मग त्यांनी एक कुबडी सर्जेरावांच्या हातात दिली, डाव्या हातानं कठडा धरला आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

"अगं... अगं, काय करतीस?"

"वर जातीय."

"कशी?"

"चढून."

सर्जेराव दोन्ही हात पसरून मागं मागं येऊ लागले, जणू वरून आंबा पडणार आहे आणि तो झेलायचाय. सातव्या पायरीवर रत्नमालाबाई थांबल्या, श्वास घेतला. वरच्या तोंडाशी गर्दी जमली. कुणी टाळी वाजवावी की नाही या विचारात होतं. फोटोवाल्याला कळेना, खुर्ची रिकामी असताना फोटो कशाचा काढायचा. एकवीस पायऱ्यांना अकरा मिनिटं लागली. वर पोचल्या तेव्हा त्यांचा पदर घामानं भिजला होता, पण मान ताठ होती.

आप्पासाहेब पुढं आले. चेहऱ्यावर आनंद होता, पण अडचणीतला. त्यांनी रत्नमालाबाईंना बाजूला घेतलं आणि पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलले.

"वहिनी, फारच छान. पण एक विनंती होती. पाहुणे यायच्या आत तुम्ही खुर्चीत बसून घ्या, आणि कार्यक्रम संपेपर्यंत उठू नका. मानपत्रात 'अंथरुणाला खिळलेल्या' असं छापलंय. फ्रेमही झाली."

रत्नमालाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एकवीस पायऱ्या चढून आल्यावर भांडायला दम उरला नव्हता. "बसते," त्या म्हणाल्या. "खरंच बसायचंच हाय मला."

मानपत्र वाचलं गेलं. अंथरुणाला खिळलेल्या अर्धांगिनीची अहोरात्र सेवा, स्वहस्ते औषधपाणी, स्वहस्ते पाकसिद्धी. 'स्वहस्ते' हा शब्द पाच वेळा आला. ऐकता ऐकता रत्नमालाबाईंना सासू आठवली, गीताबाई. अर्धांगवायूनं सहा वर्षं पडून होत्या. रत्नमालाबाई पहाटे त्यांना पुसून, कपडे बदलून, भरवून फुलंब्रीची एसटी गाठत आणि संध्याकाळी येऊन परत तेच. ते सगळं कुणाच्या हस्ते झालं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही तेव्हा ती सेवा वाटली नव्हती. घरातलं काम वाटलं होतं.

सर्जेराव वीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले आणि शेजारी बसलेल्या आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. पैठणहून आलेल्या एका पाहुण्यांनी तिथंच त्यांना पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं.

घरी आल्यावर सर्जेरावांनी शाल घडी करून ठेवली, मानपत्र टेबलावर उभं केलं आणि बायकोच्या पायाशी बसून बुटाची नाडी सोडायला लागले. बराच वेळ गाठ सुटेना.

"कवापासून?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"मेपासून."

"मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही बागेत सांगितलं असतं."

बूट निघाला, मोजा निघाला. मोज्याची रेघ पायावर उमटली होती, तिच्यावर ते अंगठा फिरवत राहिले.

"पडली असतीस तर?"

"पडले तवा अख्खं वऱ्हाड होतं की मागं."

"मग माझं आता काय काम?" हे ते रागानं म्हणाले नाहीत. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं कुणी टेबलच काढून घ्यावं, तसा त्यांचा आवाज होता.

"मोजे हायत ना," रत्नमालाबाई म्हणाल्या. "ते मला जन्मात जमायचे नाय."

तेवढ्यावर विषय थांबला. पण सर्जेरावांचं काम काही संपलं नाही, उलट वाढलं. पैठणला बोलावणं होतं, मग सिडकोत, मग एका महिला मंडळात. विषय ठरलेला: 'रुग्णसेवा आणि पुरुष'. सकाळी नऊला ते मोजे आणि बूट चढवून द्यायचे, मानपत्र पिशवीत घालायचे आणि निघायचे. पिठलं करायला वेळ उरेना. रत्नमालाबाई उंच स्टुलावर बसून भाजी फोडणीला टाकायला लागल्या. सर्जेराव घरी येऊन जेवता जेवता सांगत की आज पुरुषांच्या घरकामातल्या वाट्यावर लई चांगली चर्चा झाली. आणि ताट तसंच ठेवून उठत.

जानेवारीत वैजापूरकडच्या एका संस्थेनं त्यांना बोलावलं. दहाच्या सुमारास ते गेले. पण तिथं पोचल्यावर कळलं की प्रमुख पाहुणे आजारी पडल्यामुळं कार्यक्रम पुढं ढकललाय. सर्जेराव त्याच पावली फिरले आणि तीनच्या आत गारखेड्यात पोचले.

दाराला कुलूप होतं.

त्यांना आधी वाटलं, आपण दुसऱ्याच दारात आलो. तो एक पुरस्काराचा दिवस सोडला, तर दीड वर्षात या दाराला कुलूप लागलं नव्हतं, त्यामुळं किल्ली जवळ ठेवायची सवयच मोडली होती. फोन लावला, तो आतच वाजला. सुलेखा बाहेर आली.

"काकू तर अकराला गेल्या, काका. युसूफभाईंच्या रिक्षानं."

"कुठं?"

"ते नाही सांगितलं. तुम्ही काय बोललात मग आज?"

सर्जेराव ओट्यावर बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत मानपत्र. चार वाजले. पाणी मागायचं सुचलं, पण सुलेखाचं दार वाजवायची लाज वाटली. डोक्यात काय काय येऊन गेलं. रिक्षा उलटली असेल. जिन्यावर पडली असेल. मग अमृताला फोन करावा वाटला, पण काय सांगणार? तुझी आई घरात नाय, एवढंच. धडधाकट बाईबद्दल हे कुणी फोन करून सांगत नाही.

साडेचारला गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. रस्ता खणलेला होता, आत यायला वाट नव्हती. रत्नमालाबाई उतरल्या, युसूफनं त्यांच्या गळ्यात एक कापडी पिशवी अडकवली, आणि त्या दोन कुबड्या टेकत गल्लीतून यायला लागल्या.

सर्जेराव उठून धावणार होते. एक पाऊल टाकून ते थांबले.

घरातली चार पावलं, पायऱ्यांवर मागून, असं तुकड्यातुकड्यांनी त्यांनी तिचं चालणं बघितलं होतं. लांबून, समोरून, एवढं सरळ चालत येताना कधीच नाही. डावा खांदा खाली जायचा, सगळं अंग त्या बाजूला ओणवं व्हायचं, वाटायचं आता गेली. आणि मग ती उजवीकडून वर यायची. परत खाली, परत वर. वाळूच्या ढिगाला वळसा घालून, खड्ड्यावरच्या फळीवर क्षणभर थांबून, फळी कुबडीनं ठोकून बघून ती आली. सहा-सात सभांमध्ये सर्जेरावांनी या पायाविषयी सांगितलं होतं. त्यातलं एकही वाक्य या चालण्याशी जुळत नव्हतं.

"लवकर आलात?" जवळ येऊन रत्नमालाबाई म्हणाल्या. धाप लागली होती.

"कुठं गेलती?"

"फुलंब्रीला. केंद्रात. पोरी अजून ओळखतात मला. एका बाईनं जयभीम घातला, म्हणली, माझी तिन्ही लेकरं तुमच्याच हातची. तिच्या शेतात हुरडा चालू होता. खाल्ला, थोडा बांधून दिलाय."

"असं चालतीस व्हय तू?"

"असंच. कसं वाटलं?"

"लई वाकडं हाय गं."

"सांधा नसल्यावर सरळ कसं असंल?"

"दुखतं का?"

दुखतं की नाही हे ते आजवर लोकांना सांगत आले होते. विचारलं मात्र आज.

"दुखतं," त्या म्हणाल्या. "पण डावा नाय. उजवा गुडघा. सगळा भार त्याच्यावर पडतोय. चार महिने झाले."

"उजवा?" सर्जेरावांनी तिच्या उजव्या पायाकडे पाहिलं. त्यांच्या फाईलमध्ये उजव्या पायाची नोंदच नव्हती.

"आता उभं करून ठेवता का मला? ही पिशवी घ्या आधी, मान अवघडली."

त्यांनी पिशवी काढून घेतली. हुरडा अजून कोमट होता.

"किल्ली?"

"कमरेला खोचलीय. काढा. माझे दोन्ही हात गुंतलेत."

सुलेखा दारात उभी होती. समोरच्या घरातले दोघे खिडकीत आले होते. सर्जेरावांनी एकदा उजवीकडं पाहिलं, एकदा डावीकडं, आणि खणलेल्या गल्लीत भर उन्हात, एका हातात हुरडा धरून, दुसऱ्या हातानं ते बायकोच्या कमरेशी किल्ली शोधायला लागले.

"गुदगुल्या होत्यात," रत्नमालाबाई म्हणाल्या. "नीट बघा. डावीकडं."